जगदाळेबाईंची चाळण

जगदाळेबाईंनी नववीत माझ्यावर जो संशय घेतला, तो त्या जाईपर्यंत कायम होता. सहामाहीच्या पेपरात मी भूमितीचं एक प्रमेय असं काही सोडवलं होतं, की ते थेट गाइडमधून उचलल्यासारखं दिसत होतं. मी कॉपी केली नव्हती, गाइड पाठ केलं होतं. हे मी त्यांना तेव्हा सांगितलं, बारावीचे पेढे द्यायला गेलो तेव्हा सांगितलं, आणि जनावरांचा डॉक्टर होऊन बारामतीत स्थिरावलो तेव्हाही विषय निघाल्यावर एकदा सांगितलं. दर वेळी बाई चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "असंल. तुला पुराव्याअभावी सोडलंय, वाबळे. निर्दोष न्हाय."

बाई आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, म्हणजे सगळ्या सांगवीच्या मोठ्या बाई. उंच, काटकुळ्या, अंगावर इस्त्रीची सुती साडी. पदराला दोन पिना असत, कारण एकीवर त्यांचा भरवसा नव्हता. शाळेत त्या पुस्तकी मराठी बोलत आणि घरी सांगवीची. आम्हा पोरांना त्यातली एक खूण पक्की ठाऊक होती. बाई गावच्या बोलीत रागावल्या तर प्रकरण मिटण्यासारखं आहे. "आपण असे का वागलात?" असं पुस्तकात विचारलं की घरी बोलावणं गेलंच म्हणून समजायचं.

परीक्षेच्या दिवसांत तर त्यांच्या अंगात यायचं. वर्गाच्या दारात चपला काढून घ्यायच्या, पट्टी उजेडात धरून बघायच्या, कंपासपेटीचा तळ नखानं खरवडायच्या. त्यांचा एक सिद्धांत होता. कॉपी करणारा पोरगा गार बसलेला असतो, ज्यानं काही केलेलं नसतं त्यालाच घाम फुटतो. त्यामुळे त्या घामाघूम पोरांना सोडून शांत चेहऱ्याच्या पोरांमागे जाऊन उभ्या राहायच्या, आणि मग तीही पोरं घामाघूम व्हायची. एकदा एका मुलाच्या हाताला बँडेज होतं. बाईंनी ते सगळ्यांदेखत उलगडलं. आत खरोखरीची जखम होती, चांगली खोल. बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी त्याला स्वतः दवाखान्यात नेलं, टाके पडेपर्यंत त्याचा हात धरून बसल्या, परत येऊन त्याला वेगळ्या खोलीत बसवून पेपर पुरा करू दिला. पण काढलेलं जुनं बँडेज त्यांनी दोन्ही बाजूंनी वाचून मगच टाकलं, हे शिपायानं आम्हाला सांगितलं.

"कुठंतरी पाणी मुरतंय," हे त्यांचं आवडतं वाक्य. पेपर चांगला गेला तरी पाणी मुरत असे आणि वाईट गेला तरी. बारामतीच्या मंडईत आंबे घेताना त्या वरची रास बाजूला करायला लावून तळातले आंबे मागत. मग तळातले चांगले निघाले की, ही बाई खालचेच मागणार हे आंबेवाल्याला आधीच ठाऊक होतं, अशी शंका येऊन पुन्हा वरचे घेत. पाठदुखीसाठी डॉक्टरांनी एकदा त्यांना कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या आणि हाडं पोकळ होत चालली आहेत, हयगय करू नका, असं बजावलं. बाईंनी दोन गोळ्या लिंबाच्या रसात टाकून पाहिल्या. एकीला फेस जास्त आला, दुसरीला कमी. पाकीट कपाटाच्या वरच्या फळीवर गेलं ते कायमचं. डॉक्टर आणि औषधवाला एकाच आळीत राहतात, हेही त्यांनी मला सांगून ठेवलं.

या बाईंचा जगात एकाच माणसावर विश्वास होता. तो म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ मुरलीधर. तो रांगत होता तेव्हा त्यांची आई गेली आणि वडील त्यानंतर कशातच राहिले नाहीत. मुरलीला बाईंनीच न्हाऊमाखू घातलं, शिकवलं, त्याचं लग्न करून दिलं. स्वतःचं राहूनच गेलं. मुरलीधर लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागला, आणि पुढं तिथं जवळच त्यानं कोंबडीखाद्याची छोटी मिल टाकली. अबोल माणूस. हो म्हणायचं तर मान हलवायचा आणि नाही म्हणायचं तर तीही हलवायचा नाही. बाईंना तो 'अक्का' म्हणायचा. तो आला की बाईंची भाषा आपोआप सांगवीची व्हायची.

निवृत्त झाल्यावर बाईंनी घरामागच्या रानात अंड्यांच्या कोंबड्यांची शेड घातली. खाद्य अर्थातच मुरलीच्या मिलचं. जनावरांचा डॉक्टर म्हणून मी, कारण पुराव्याअभावी सुटलेला माणूस निदान ओळखीचा असतो. पोरं नाहीत तर कोंबड्या, पण बाईंची पाळत तीच. लस टोचायला आलेल्या पोरांकडून त्या रिकाम्या बाटल्या मोजून घेत. शेडवर काम करणाऱ्या जोडप्याला त्यांनी दोन वेगवेगळ्या वेळी एकच प्रश्न विचारायची पद्धत ठेवली होती. आणि अंडी त्या कानानं तपासत. दोन अंडी एका हातात धरून कानाशी हलकेच एकमेकांवर टेकवायची. कवच धड असेल तर टणक वाजतं, बारीक तडा असला तरी बद्द. डोळ्यांना न दिसणारा तडा त्यांच्या कानाला कळायचा, आणि त्या वेळी त्यांचा चेहरा चिठ्ठी सापडल्यासारखा उजळायचा.

त्या वर्षी होळीच्या आधीच ऊन तापायला लागलं. चैत्रात तर शेडचा पत्रा हात लावू देईना. पत्र्यावर उसाचं पाचट अंथरलं, कडेनं ओली गोणपाटं सोडली, तरी दुपारी सगळ्या कोंबड्या चोच उघडून, पंख अंगापासून लांब धरून धापा टाकत उभ्या. अशात अंड्याचं कवच थोडं पातळ होतंच. कोंबडीला घाम येत नाही. ती धापा टाकते आणि त्या धापांबरोबर कवचाला लागणारा कार्बन डायऑक्साइडही बाहेर जातो. शिवाय उन्हात ती खाते कमी, म्हणजे पोटात कॅल्शियमही कमी. हे मी बाईंना समजावलं. पिण्याच्या पाण्यात खाण्याचा सोडा घालायला सांगितला, खाद्य उन्हाच्या आधी आणि उन्हं उतरल्यावर द्यायला सांगितलं. बाईंनी सगळं केलं.

पण बाईंच्या शेडमधलं प्रकरण थोडक्यावर थांबेना. अंडी ट्रेमध्ये ठेवता ठेवता फुटायला लागली. काही तर बिनकवचाची, नुसत्या पापुद्र्यातली. बारामतीचा व्यापारी माल घ्यायला कुरकुरू लागला. आणि मग कोंबड्या बसू लागल्या. चांगली तुकतुकीत कोंबडी पिंजऱ्यात पाय पसरून बसायची आणि उठायचीच नाही. एकीला मी उचललं तर मांडीचं हाड माझ्या हातात काडीसारखं मोडलं. पिंजऱ्यातल्या कोंबड्यांचं हे दुखणं आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. खाद्यातून कॅल्शियम आणि फॉस्फरस पुरेसं मिळालं नाही, तर कोंबडी अंडं घालायचं थांबत नाही. ती कवचासाठी स्वतःच्या हाडांतून काढून देते, आणि देता देता हाडं संपतात.

तेव्हा खाद्यात खोट आहे, हे मी बाईंना सांगितलं. सांगायला नको होतं असं नाही, पण सांगताना ते खाद्य कुणाचं हे माझ्या लक्षात होतं.  आधी बाईंनी व्यापाऱ्याला धरलं, तो आपल्या चांगल्या अंड्यांत दुसऱ्याची फुटकी मिसळतो म्हणून. मग शेडवरच्या जोडप्याला धरलं, ते खाद्य चोरून विकतात म्हणून. गोण्या तर त्या उन्हाळा लागल्यापासूनच शेडऐवजी घराच्या मागच्या पडवीत उतरवून घेत होत्या, आणि पडवीला कुलूप. पहाटे स्वतः दार उघडून बादल्या भरून देणार, मग परत कुलूप. मी म्हटलं, चोरीच्या भीतीनं करत असतील. दोघांवर आळ जाऊनही अंडी फुटायची थांबली नाहीत. तेव्हा माझ्याकडे बघत त्या पुस्तकी मराठीत म्हणाल्या, "आता एकच नाव उरते."

तपासणी त्यांनी परीक्षेच्या शिस्तीत केली. मिलमधून आलेली गोणी, शिवण न उसवता, माझ्यादेखत लाखेनं मोहोरबंद करून प्रयोगशाळेत पाठवली. अहवाल आला. खाद्य उत्तम, कॅल्शियम हवं तेवढं, किंबहुना उन्हाळ्यासाठी थोडं जास्तच. मी सुटकेचा श्वास टाकला. बाईंनी टाकला नाही. "मुरली हुशार हाय. तपासायला कुठली गोणी जाणार, हे त्याला कळत असंल," त्या म्हणाल्या. खरं सांगायचं तर माझ्याही डोक्यात किडा वळवळायला लागला. खाद्य चांगलं आणि हाडं पोकळ, हे गणित जुळत नव्हतं. मुरलीधररावांच्या मुलीचं, कल्याणीचं, लग्न ठरलेलं होतं, घरात खर्च निघालेला. एखादी गोणी चांगली आणि बाकीच्या हलक्या, असं माणूस करूही शकतो. फोनवर मी त्यांना सहज विचारलं, खाद्यात काही बदल केलाय का. "केलाय थोडा, उन्हाळ्याचा," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. मला ते बोलणं आवडलं नाही. आणि मी ते बाईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी नुसती मान डोलावली.

मग एके दिवशी त्यांचा निरोप आला. कल्याणीचा बस्ता आहे, बारामतीत कापडदुकानात ये, तुझं काम आहे. लग्नाच्या कापडखरेदीत माझं काय काम, हे कळेना. गेलो. दुकानात पांढऱ्या गादीवर दोन्हीकडची मंडळी बसलेली, मधे साड्यांचा ढीग, व्याही-विहिणी चहा घेतायत. बाई आत्या म्हणून मानाच्या जागी. मला त्यांनी खुणेनं जवळ बसवलं, पिशवीतून काचेची मोठी बरणी काढली आणि शालूंच्या शेजारी ठेवली. बरणीत पांढरे-करडे खडे होते.

"मुरलीधर," बाई शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "हे तुमच्या मिलच्या गोणीतून निघालेले दगड आहेत. खाद्याच्या वजनात तुम्ही दगड विकता. हे डॉक्टर पंच आहेत."

दुकानात सगळे हात जागच्या जागी थांबले. मी बरणी उचलून पाहिलं. ते दगड नव्हते, ग्रिट होतं. चुनखडीचे आणि शिंपल्याचे जाडे खडे, अंड्यांच्या कोंबडीच्या खाद्यात असतातच. मी तसं म्हणालो. बाईंनी मान वळवली नाही. आधी खाद्यात भुकटी असायची, खडे या उन्हाळ्यातच आले, आणि खडे आले तेव्हापासून कवचं गेली, हा काय योगायोग म्हणायचा का, असं त्यांनी विचारलं. मग माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाल्या, पंचही फितलाय, नववीपासूनची सवय. मला त्या बरणीकडे बघून दुसरा प्रश्न सुचायला हवा होता. पण एवढ्या माणसांत माझा चेहरा तापला होता, आणि बाईंनी एखाद्या गोणीतून वेचून आणले असतील, असंच मी धरून चाललो.

मुरलीधररावांनी एक खडा बोटांत धरून फिरवला. ते समजावून सांगतील असं मला वाटलं. पण व्याह्यांच्या देखत चोर ठरलेला माणूस काय समजावणार. त्यांनी खडा परत बरणीत टाकला.

"अक्का, तू मला चोर म्हणतीस?"

"मी काही म्हणत नाही. खडे म्हणतात."

"मग खड्यांनाच ईच्यार," ते म्हणाले. "लग्नाला यायचं का न्हाय, ते तुजं तू ठरव. मी बोलवायला येणार न्हाय."

कल्याणी रडायला लागली. तिच्या होणाऱ्या सासूनं हातातला चहा खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही. बाईंनी बरणी पिशवीत घातली, दोन्ही पिना चाचपल्या आणि उठून चालत्या झाल्या. त्यांच्या मागोमाग मीही निघालो. रिक्षात बसताना त्यांना पाय उचलायला त्रास झाला, तेव्हा मी हात पुढं केला. तो त्यांनी घेतला नाही.

त्यानंतर मी जायचो तेव्हा बाई अंगणात खुर्ची टाकून बसलेल्या असत. समोर शेडमधून काढलेल्या पांगळ्या कोंबड्या. त्या फेकायला किंवा विकायला बाई तयार नव्हत्या, कारण त्या त्यांच्या मते साक्षीदार होत्या. बोराच्या झाडाखाली त्या सरपटत असायच्या. मी कॅल्शियमची औषधं दिली होती, पण शेडमध्ये रोज नव्या कोंबड्या बसतच होत्या. लग्न जवळ येत चाललं होतं. पत्रिका आली नव्हती. बाई तसं दाखवत नव्हत्या, पण कल्याणीच्या बारशाला तिला मांडीवर कुणी घेतलं होतं, ते त्या मला दोनदा सांगून गेल्या. मुरलीनं एकदा कबूल करावं, मी सगळं पोटात घालीन, असं त्यांचं म्हणणं. आणि कबूल केलं नाही तर? "तर मला भाऊ न्हाय," त्या म्हणाल्या, आणि चष्मा पुसायला लागल्या.

लग्नाला थोडे दिवस उरले असताना संध्याकाळी त्यांचा फोन आला. "ये. कुणाला सांगू नको."

मी गेलो तेव्हा अंगणात दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या. समोर गोणपाटावर तेच पांढरे खडे वाळत पसरलेले, चांगले ढीगभर. बाईंनी पुरावा धुऊन स्वच्छ करायला काढला होता, म्हणजे हे दगडच आहेत असं कुणालाही दिसावं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आम्ही बसून राहिलो, पर्यवेक्षक बसतात तसे. उन्हं उतरली तशी बोराखालची एक कोंबडी पंख जमिनीवर टेकत सरपटत आली आणि खडे टिपायला लागली. मग दुसरी. मग सगळ्याच. धान्य शेजारी पडलेलं होतं, त्याच्याकडे एकीनंही पाहिलं नाही.

"पुरावा खातायत," बाई कुजबुजल्या. "पयल्या दिशी मी हाकलल्या. मग म्हणलं बघू तरी. सकाळी ढुंकून बघत न्हाईत, संध्याकाळीच येत्यात. आणि ही बघ, ही परवापर्यंत उठत नव्हती." एक कोंबडी खरंच उभी होती, वाकड्या पायांवर, पण उभी. बाईंनी ओच्यातून दोन अंडी काढून माझ्या कानाशी टेकवली. टणक वाजली. "अंगणातली हायेत. आता सांग."

माझी तोंडी परीक्षाच सुरू झाली. मी सांगितलं, कवच रात्री घडतं. त्या वेळी कोंबडी काही खात नाही, मग संध्याकाळी पोटात जे असेल त्यावर भागवावं लागतं. भुकटी लगेच जिरून जाते. जाडा खडा पोटातल्या पिशवीत रात्रभर हळूहळू विरघळत राहतो. उन्हाळ्यात कोंबडी आधीच कमी खाते, म्हणून जाणता खाद्यवाला भुकटी कमी करून खडे वाढवतो. ते कोंबडीला कळतं, म्हणून ती संध्याकाळी खडे शोधते.

"म्हणजे मुरलीनं खडे वाढवले ते..."

"कोंबड्यांसाठी, बाई. तुमच्यासाठी." आणि मग मला तो प्रश्न सुचला, जो कापडदुकानात सुचायला हवा होता. "पण हे एवढं ग्रिट आलं कुठून?"

 बाई उठल्या, कमरेची किल्ली काढली आणि मागच्या पडवीचं कुलूप उघडलं. आत खुंटीला तारेची मोठी चाळण टांगलेली होती. भिंतीकडेनं पत्र्याचे डबे, झाकणापर्यंत खड्यांनी भरलेले, प्रत्येकाच्या तोंडाला कापड बांधून लाखेची मोहोर. पहिला खडा दिसल्या दिवसापासून बाई रोज पहाटे, दार लावून, आलेलं सगळं खाद्य स्वतःच्या हातानं चाळत होत्या. कोंबड्यांच्या पोटात दगड जाऊ नयेत म्हणून चाळलेलं खाद्य शेडकडे, आणि भावाच्या गुन्ह्याचा पुरावा डब्यात. प्रयोगशाळेकडे गेली होती ती न चाळलेली गोणी.

मी चाळणीकडे बघत उभा राहिलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा असं म्हणतात, पण इथं कळशाला लाख लावून ठेवली होती. माझ्यानं बाईंकडे बघवेना. शेवटी त्याच बोलल्या.

"वाबळे, पेपर मीच फोडला की रे."

आवाज इतका लहान होता की मला त्यांचं वय एकदम कळलं. मी काहीतरी समजुतीचं बोलायला लागलो तर त्यांनी हात वर करून थांबवलं. मोहोरा फोडल्या. त्या संध्याकाळपासून डब्यातले खडे रोज कोंबड्यांच्या खाद्याच्या पन्हळीत पडायला लागले. काही कोंबड्या त्यातून उठल्या, काही नाही. ज्या गेल्या त्या बाईंनी स्वतः उचलल्या, जोडप्याला हात लावू दिला नाही.

लग्न इंदापूरच्या मंगल कार्यालयात होतं. पत्रिका शेवटपर्यंत आली नाही. बाई मला म्हणाल्या, गाडी काढ. मोरपंखी साडी, पदराला दोन पिना, आणि मांडीवर कापडात गुंडाळलेलं काहीतरी वाटोळं. दारात अत्तर लावणाऱ्या मुलाची कुपी त्यांनी आधी वाचली, मग हात पुढं केला. आत माइकवर पाहुण्यांची नावं घेणं चाललं होतं, अमुक आबांचं स्वागत, तमुक तात्यांचं स्वागत. बाई सरळ पायऱ्या चढून वर गेल्या आणि त्या माणसाच्या हातून त्यांनी माइक काढून घेतला. चाळीस वर्षं प्रार्थनेला उभी राहिलेली बाई, तिला माइक द्यायला कोण नाही म्हणणार.

"मी कुसुम जगदाळे, निवृत्त मुख्याध्यापिका," त्यांनी सुरुवात केली. "या लग्नाच्या बस्त्याच्या दिवशी मी माझ्या भावावर चोरीचा आरोप केला. तो आरोप खोटा होता. त्याचे खाद्य चोख होते. मी ते चाळून त्यातले सत्त्व काढून ठेवत होते. ही ती चाळण." त्यांनी कापड सोडलं आणि चाळण सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. बहुतेकांना त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आता सगळ्या इंदापूरला ठाऊक झालं. पण पुढचं वाक्य पुस्तकातलं आलं नाही. "मुरली, माजं चुकलं रे. लई चुकलं."

वाजंत्री बंद पडली होती. मुरलीधरराव फेटा बांधलेले, अंतरपाटाजवळ उभे. त्यांचा चेहरा मला वाचता येईना. हा माणूस आता बहिणीला खाली उतरवणार की काय, अशी मला धास्ती वाटली. ते चालत आले. त्यांनी आधी माइक घेतला आणि बंद केला, मग चाळण घेऊन कुणाच्यातरी हातात दिली, आणि बाईंच्या मुठीत अक्षता ठेवल्या.

"मुहूर्त टळतोय, अक्का," एवढंच ते म्हणाले. लग्न लागल्यावर कल्याणीनं हार घातलेल्या गळ्यानं आत्याला मिठी मारली तेव्हा एक पीन तुटली.

सगळं तिथंच सुरळीत झालं, असं मी म्हणणार नाही. मुरलीधरराव खाद्य पाठवत होते, पण स्वतः यायचे नाहीत. बाई चाळत नव्हत्या, पण गोणी उसवली की हात घालून बघायच्या. मग दिवाळीच्या तोंडावर त्या त्याच पडवीत पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. बारामतीच्या दवाखान्यात मी क्ष-किरणाचा फोटो पाहिला. मी माणसांचा डॉक्टर नाही, पण पोकळ हाड मला कळतं. मला त्या कोंबड्या आठवल्या, आणि आईवेगळ्या भावासाठी आयुष्यभर आपल्यातलं काढून देणारी ही बाईसुद्धा. तिथं कॉरिडॉरमध्ये उभा राहून मी रडलो, हे लपवत नाही.

मुरलीधरराव लोणी देवकरहून आले ते राहिलेच. दुखणं वाढत गेलं, पण बाईंचा स्वभाव शाबूत होता. नर्सनं दिलेली गोळी त्या घ्यायच्या नाहीत. कुठल्याच हातची नाही. फक्त मुरलीच्या हातची, आणि तीही अशी, की त्यानं कॅल्शियमची गोळी मधोमध मोडायची, अर्धी आधी स्वतः चावून खायची, तोंड उघडून दाखवायचं, आणि मग उरलेली अर्धी बाई घ्यायच्या. तो साठीला आलेला माणूस रोज बहिणीसमोर आ करून उभा राहायचा. डॉक्टरांना पुरी गोळी पोटात जायला हवी होती, म्हणून मग दोन गोळ्या मोडाव्या लागत. मुरलीधरराव कुरकुरले नाहीत. एकदाच मला म्हणाले, "माझीच हाडं दगडाची व्हत्याली बघा आता."

मी शेवटचा गेलो ती संध्याकाळ होती. मुरलीधरराव पाणी आणायला खाली गेले होते. बाईंनी मला जवळ बोलावलं. नववीतल्या पेपराबद्दल काही बोलतील असं का कोण जाणे मला वाटलं. त्या म्हणाल्या, "तुज्याबद्दल माजं मत कायम हाय." मी म्हटलं, असू दे, बाई. टेबलावरची गोळी मी पुढं केली तर त्यांनी तोंड फिरवलं.

मुरलीधरराव आले. तांब्या ठेवला, सवयीनं गोळी घेतली आणि मोडण्यासाठी दोन्ही हातांच्या बोटांत धरली. बाईंनी त्यांचं मनगट धरलं. गोळी त्यांच्या बोटांतून काढून घेतली, न मोडता, तिच्याकडे न बघता तोंडात टाकली आणि गिळली. मुरलीधरराव तसेच, बोटं तशीच धरून, उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायचंही त्यांना सुचेना.

बाईंनी घोट घ्यायला तांब्याकडे हात केला, मग मधेच थांबून आत डोकावून बघितलं.

"पाणी कुठल्या नळाचं हाय?" त्यांनी विचारलं.